आईचा रोल, २५ हजार आणि दुर्गाबाई

या वेळचं पत्र कोल्हापूरहून आलंय, खाली सही "चाळीस सेकंदवाली". मूळ पत्र सहा पानी आहे, मी कापून देते.

"ताई, वय ३४. मुलगा सातवीत, मुलगी दुसरीत. कॉलेजात एकांकिका गाजवल्या होत्या, मग लग्न, मग सगळं बंद. मागच्या वर्षी एका वेबसिरीजमधे दोन दिवस काम केलं. एडिटमधे माझे चाळीस सेकंद उरले आणि सिरीज इतकी फालतू निघाली की सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी माझी क्लिप टाकून हसायचे इमोजी लावले. मुलाला शाळेत चिडवलं. मी ठरवलं, बास. आता एका मराठी सिनेमासाठी बोलावलंय, रोल मोठा आहे पण हिरोच्या आईचा, हिरो २२ वर्षांचा! शूटिंग वाईला, २२ दिवस. नवरा म्हणतो, दुर्गा खोटे पण दोन मुलं झाल्यावरच सिनेमात गेल्या ना, मग तू काय घाबरतेस. सासूबाई म्हणतात, त्या मोठ्या घरच्या, त्यांचं सगळं खपून गेलं, आपलं खपणार नाही. तुम्हीच सांगा कोणाचं खरं. आणि आईचा रोल घेतला तर मी कायमची आईच होऊन बसेन का? ता.क. कोऑर्डिनेटरने रजिस्ट्रेशन आणि पोर्टफोलिओचे २५ हजार आधी भरायला सांगितलेत, ते नॉर्मल असतं ना?"

अगं बाई. सहा पानं लिहून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ता.क. मधे? त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे, तोपर्यंत गूगल पे उघडायचं नाही, एवढं आधी कबूल कर.

आता दुर्गाबाई, म्हणजे जुन्या सिनेमातल्या मोठ्या नटी दुर्गा खोटे. तुझा नवरा आणि तुझ्या सासूबाई दोघंही बरोबर आहेत आणि दोघांनीही अर्धीच गोष्ट सांगितलीये.

नवऱ्याचा अर्धा भाग घे. दुर्गाबाईंचा जन्म १९०५ चा, माहेरचं नाव विठा लाड, वडील मुंबईतले सॉलिसिटर. कॅथेड्रल शाळा, मग सेंट झेवियर्स कॉलेज, म्हणजे त्या काळात मुलींनी मराठी चौथी पार केली तरी कौतुक व्हायचं तेव्हा ही मुलगी इंग्रजीत शिकत होती. लग्न खोट्यांच्या घरात, तेही खानदानी. दोन मुलगे, बकुल आणि हरिन. आणि मग घरची आर्थिक घडी विस्कटली. इथे आपले लोक घाईघाईत पुढे जातात आणि "कलेची ओढ" वगैरे म्हणतात. तसं नाहीये ते. पैशाची गरज होती, दोन पोरं होती आणि काम मिळत होतं म्हणून त्या गेल्या. मला ही गोष्ट फार आवडते, कारण आपल्याकडे बाईने पैशासाठी अभिनय केला म्हटलं की अजूनही लोक नाक मुरडतात, पुरुषाने केला तर करिअर. तुझ्या सहा पानांत एकदाही आलं नाही की या सिनेमाचे तुला किती पैसे मिळणारेत. एकदाही नाही! मुलांच्या अभ्यासाचं आलं, सासूबाईंच्या गुडघ्याचं आलं, सोसायटीच्या ग्रुपवर कोण काय म्हणालं ते तारखेसकट आलं, मानधनाचा पत्ताच नाही.

तर पहिला सिनेमा, १९३१, 'फरेबी जाल'. छोटंसं काम. आणि तो इतका वाईट निघाला की गिरगावातल्या ओळखीच्या लोकांनी बोलून बोलून नको केलं, लाडांची मुलगी, खोट्यांची सून आणि असल्या सिनेमात. जाहिरातीतही घराण्याच्या नावाचा गाजावाजा झाला होता, म्हणजे लाज एकटीची नाही, दोन्ही घरांची काढली. आता तुझे ते चाळीस सेकंद आठव. व्हॉट्सॲप नव्हतं एवढाच फरक, बाकी चाळीच्या गॅलरीत तेच काम चालायचं आणि ते डिलीटही करता यायचं नाही.

तुझा नवरा इथून थेट "आणि मग त्या स्टार झाल्या" वर जातो. मधलं राहतंच. मधे हे झालं की त्याच वाईट सिनेमातलं ते छोटं काम शांतारामबापूंच्या, म्हणजे व्ही. शांताराम यांच्या नजरेला पडलं, आणि प्रभात फिल्म कंपनीकडून हरिश्चंद्राच्या राणीसाठी, तारामतीसाठी विचारणा आली. आणि प्रभात तेव्हा कुठे होती? तुझ्याच गावात की गं! १९२९ मधे कोल्हापुरात सुरू झाली, दामले, फत्तेलाल, धायबर, कुलकर्णी आणि शांताराम, पाच जणांची. पुण्याला गेली ती १९३३ मधे, जिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे. म्हणजे मुंबईच्या कॉन्व्हेंटमधली ही बाई एकदा तोंड पोळलेलं असताना पुन्हा सिनेमा करायला कोल्हापूरला आली, आणि तू कोल्हापुरात बसून मला विचारतेयस की वाई लांब पडेल का.

'अयोध्येचा राजा' १९३२ चा, मराठीतला पहिला बोलपट, हिंदीतही काढला होता. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि संगीतही त्यांचंच. लक्षात घे, तेव्हा प्लेबॅक वगैरे भानगड नव्हती, कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, तिथेच बोलायचं, तिथेच गायचं, माइक कुठेतरी लपवलेला, चुकलं की सगळं पहिल्यापासून. आणि रोल तारामतीचा. राज्य गेलेलं, नवरा विकला गेलेला, पोरगं मेलेलं. आता एक गंमत सांगते. फाळक्यांनी १९१३ मधे 'राजा हरिश्चंद्र' केला तेव्हा तारामती कोणी केली? साळुंके नावाच्या पुरुषाने, हॉटेलात काम करायचा तो, कारण बाई मिळेना. एकोणीस वर्षांनी तीच तारामती करायला दोन पोरांची आई उभी राहिली आणि लोकांनी डोक्यावर घेतली. ज्यांनी वर्षभरापूर्वी नावं ठेवली होती त्यातलेच बरेचसे तिकीट काढून गेले असणार, आपल्या लोकांचं तसंच असतं.

यातून तू काय घ्यायचं ते मी सांगते, आणि हे "धाडस कर, यश मिळेल" टाइप अजिबात नाहीये. १९३१ आणि १९३२ मधे दुर्गाबाई काही वेगळ्या झाल्या नव्हत्या, चेहरा तोच, आवाज तोच. बदलली ती आजूबाजूची माणसं. पहिल्या वेळी जे मिळालं ते केलं, दुसऱ्या वेळी समोर असे लोक होते ज्यांना आपलं काम येत होतं. त्यामुळे "मी पुन्हा तोंडघशी पडेन का" हा प्रश्न मला विचारूच नकोस, मला काय माहीत. प्रश्न हा विचार की हा सिनेमा कोण करतंय. डायरेक्टरचं आधीचं काम बघितलंस? कॅमेरामन कोण? स्क्रिप्ट हातात आलंय की फोनवर "मॅडम खूप स्ट्राँग रोल आहे" एवढंच? त्या वेबसिरीजच्या वेळी तू यातलं काही विचारलं नव्हतंस, हे तूच पान तीनवर लिहिलंयस.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं तू रागारागात लिहिलंयस पण त्या चुकीचं बोलत नाहीयेत. मोठ्या घरची असणं याचा फायदा दुर्गाबाईंना झालाच. इंग्रजी येत होतं, वागणं-बोलणं तसं होतं, समोरचा माणूस जरा जपूनच बोलत असणार. आणि एक गोष्ट मला नेहमी खटकते, बोलून टाकते. पेपरात, भाषणात येतं की दुर्गाबाईंमुळे "चांगल्या घरच्या" बायकांना सिनेमाचं दार उघडलं. खरंय ते. पण मग त्यांच्या आधीच्या कोण होत्या? १९१३ मधेच फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' मधे दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले, कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या होत्या. आई-मुलगी दोघी. त्या काय वाईट घरच्या होत्या? पोट भरायला नाटक कंपनीत गेल्या एवढाच गुन्हा. म्हणजे दार आधीच कुणीतरी ढकललं होतं, फक्त त्यांच्या नावापुढे सॉलिसिटर वडील नव्हते. सासूबाईंना सांग, तुमचं बरोबर आहे आई, मोठ्या घराने खपून जातं, पण मोठं घर नसलेल्यांनीही केलंच होतं आणि आधी केलं होतं. कमलाबाईंची पुढची पिढी बघा म्हणावं, चंद्रकांत गोखले त्यांचा मुलगा, विक्रम गोखले नातू. यावर त्या गप्प बसतील असं नाही, पण विषय बदलेल.

पुढचं जरा सावकाश वाच, कारण तुझ्या आईच्या रोलचं उत्तर त्यात आहे.

दुर्गाबाईंची मोठी हुशारी मला वाटते ती ही, की त्या एका जागी थांबल्या नाहीत. तेव्हा सिनेमाची नटी म्हणजे कंपनीची पगारी माणूस, महिन्याला पगार, कंपनी सांगेल तो रोल. या बाई आज कोल्हापूर, उद्या कलकत्ता. तारामतीनंतर लगेच 'माया मच्छिंद्र' मधे राणी, शेजारी चित्ता घेऊन बसलेली. मग कलकत्त्याला दिग्दर्शक देवकी बोस यांच्याकडे १९३३ ला मीरा, १९३४ ला सीता, आणि ती 'सीता' व्हेनिसच्या फेस्टिव्हलपर्यंत गेली. १९३६ ला परत प्रभातकडे 'अमर ज्योती', त्यात काय तर समुद्रावरची लुटारू! सौदामिनी नाव, अन्यायाचा सूड घ्यायला जहाजं लुटणारी बाई. वय ३१. पतिव्रता, संत, मग डायरेक्ट दरोडेखोर. आणि १९४१ ला अत्र्यांच्या 'पायाची दासी' मधे खाष्ट सासू. वय किती? ३६. तुझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी. आई पण नाही, सासू! आणि पुढच्या वर्षी 'भरत मिलाप' मधे कैकेयी, म्हणजे अख्ख्या देशाने शिव्या द्याव्यात असं पात्र. या दोन्ही कामांना बंगालच्या फिल्म पत्रकारांनी बेस्ट ॲक्ट्रेस दिलं.

तू लिहितेस "हिरोईनचं वय निघून गेलं". गेलं असेल, तिथे मी गोड बोलणार नाही. पण हिरोईनचं वय जाणं म्हणजे रोल जाणं नव्हे. दुर्गाबाई पस्तिशीनंतर चाळीस वर्षं काम करत होत्या, आणि त्यातलं जे लोकांना आठवतं ते बरंचसं त्या चाळीस वर्षांतलं आहे. माझी आई दूरदर्शनवर रविवारचा सिनेमा लागला की किचनमधून ओरडायची, "दुर्गाबाई आल्या का गं?" आणि आल्या की भाकरी तव्यावर टाकून बाहेर यायची, भाकरी करपायची हे ठरलेलं. 'अभिमान' मधली मावशी, 'बॉबी' मधली ती ब्रिगांझा आजी, 'कर्ज' मधली आई. मला लहानपणी वाटायचं या बाई जन्मापासूनच म्हाताऱ्या आहेत. 'अमर ज्योती' मी खूप नंतर बघितला आणि चाट पडले.

आणि जोधाबाई. 'मुघल-ए-आझम', १९६० ला आला. एकीकडे नवरा अकबर, दुसरीकडे मुलगा सलीम, आणि ही मधे. युद्धावर निघालेल्या अकबराच्या हातात तलवार द्यायची असते, पोटच्या पोरावर चालणारी तलवार. तो सीन बघ आज रात्री, सासूबाईंना शेजारी बसवून बघ. डायलॉग बाजूला ठेव, हात बघ नुसते. राणी म्हणून हात पुढे जातो आणि आई म्हणून जात नाही, ते एकाच हातात दिसतं. ते बघून "आईचा रोल" हे शब्द तू ज्या सुरात लिहिलेस त्या सुरात परत लिहू शकशील का ते मला सांग. अजून एक, समोरचा अकबर म्हणजे पृथ्वीराज कपूर, तेच १९३४ च्या 'सीता' मधले राम. सव्वीस वर्षांनी परत नवरा-बायको. अशी लांब चाल असते या धंद्यात.

आता तुझी भीती, कायमची आई होऊन बसण्याची, ती खोटी नाहीये. रीमा लागूंचं घे. 'मैंने प्यार किया' १९८९ चा, त्या ३१ वर्षांच्या आणि पडद्यावर सलमान खानची आई, जो त्यांच्यापेक्षा सात-आठ वर्षांनीच लहान. त्यानंतर हिंदीने त्यांना आईच करून ठेवलं, किती सिनेमे ते मोजत बसत नाही. पण मराठी रंगभूमीवर 'पुरुष' मधे त्याच बाई काय होत्या हे बघितलेल्या कुणालाही विचार. दुर्गाबाईंनीही तेच केलं होतं. पन्नाशीच्या आसपास, सिनेमात आयांची कामं करत असताना, स्टेजवर 'राजमुकुट' केलं, शिरवाडकरांनी केलेलं मॅकबेथचं मराठी, समोर नानासाहेब फाटक, आणि या स्वतः लेडी मॅकबेथ. 'भाऊबंदकी' मधे आनंदीबाई. सिनेमा आई देतो ना, दे म्हणावं, खून करायला नाटक आहे.

म्हणून म्हणते, हा सिनेमा घेतलास तर सोबत काहीतरी दुसरं हातात ठेव. कोल्हापुरात हौशी नाटकवाले आहेत, राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी दरवर्षी सुरू असतात, संध्याकाळी दोन तास जायचं. मी स्वतः अशा एका ग्रुपमधे तीन वर्षं फक्त प्रॉम्प्टिंग केलंय (अभिनय येत नव्हता हे चौथ्या वर्षी कळलं, असो), पण तिथे एक शिकले, चांगली नटी पाठांतर बघते तेव्हा समोरच्याची वाक्यं आधी वाचते. स्क्रिप्ट आलं की तू पण तेच कर. तुझी वाक्यं किती हे मोजू नकोस. मुलगा आईशी कसा बोलतो, तिच्यावाचून गोष्टीतलं काय अडतं ते बघ. आई फक्त पोहे आणून ठेवत असेल आणि पदराला डोळे पुसत असेल तर नाही म्हण, बिनधास्त. आई एखादा निर्णय घेत असेल, चुकीचा का असेना, तर हो म्हण.

बावीस दिवस. तू यावर दीड पान लिहिलंयस आणि ते वाचून मला कळलं की अडचण मुलांची नाहीये, अडचण "लोक काय म्हणतील आई कुठे गेली" ही आहे. मुलगा सातवीत आहे, त्याला डबा गरम करता यायला हवा. मुलीचं खरं अवघड, तिच्यासाठी दर आठ दिवसांनी एक दिवस घरी येता येईल का हे आधीच बोलून घे, वाई-कोल्हापूर काय फार नाही, आणि आईचा रोल सलग बावीस दिवस रोज लागत नाही, शेड्यूल मागून घे, मधे रिकामे दिवस निघतातच. आणि सासूबाईंना मदत "माग" नकोस, काम सांग आणि त्यांच्या गुडघ्यांसाठी त्या महिन्यापुरती स्वयंपाकाला बाई लाव, मानधनातून. हे मानधनातून व्हायला हवं, नवऱ्याच्या पगारातून नाही. घरात ज्या कामाचे पैसे दिसतात त्याला घर काम म्हणतं, नाहीतर तो छंद होतो आणि छंदासाठी कुणी गुडघे झिजवत नाही.

लेखी करार घे. मानधन किती, किती हप्त्यांत, शिफ्ट किती तासांची, राहायची सोय कोणाबरोबर, प्रवासाचं कोण देणार, डबिंगचे दिवस यात धरलेत की वेगळे. टीव्हीवाले नव्वद दिवसांनी पैसे देतात, सिनेमात तर छोट्या निर्मात्याचं काही खरं नसतं, म्हणून शूटिंग सुरू व्हायच्या आधी काहीतरी खात्यात यायलाच हवं. करार वाचताना लाजायचं नाही. आणि चित्रपट महामंडळाचं मुख्य ऑफिस कोल्हापुरातच आहे, जाऊन चौकशी कर की या बॅनरची नोंद आहे का, तुला रिक्षाने जाता येईल, लोक मुंबई-पुण्याहून खेटे घालतात.

मुलाला शाळेत चिडवतात त्याचं मी सोपं उत्तर देऊ शकत नाही. दुर्गाबाईंच्या पोरांनाही कुणी ना कुणी बोललंच असेल. पुढे हरिनने लग्न केलं ते एका नटीशीच, विजया जयवंत, ज्यांना आपण विजया मेहता म्हणून ओळखतो. म्हणजे घरात नाटकाची लाज नव्हती एवढं तर नक्की. आणि आईने काय केलं? अभिनय चालू ठेवून पन्नासच्या दशकात स्वतःची कंपनी काढली, जाहिराती, शॉर्ट फिल्म्स. १९८८ ला दूरदर्शनवर 'वागळे की दुनिया' आली ना, ती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. वय ८३. त्याआधी १९६८ ला पद्मश्री, 'बिदाई' साठी वयाच्या सत्तरीला टेकलेल्या असताना फिल्मफेअर, १९८३ ला फाळके पुरस्कार, त्याच फाळक्यांच्या नावाचा ज्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती. 'फरेबी जाल' चं नाव आज तुझ्या नवऱ्याला तरी माहीत होतं का? विचार त्याला.

मुलाला मात्र तू स्वतः सांग, त्याच्या मित्रांकडून कळण्याआधी, की आई परत काम करतेय, या वेळी आईचं काम, आणि तुझ्याकडे बघूनच करणार आहे. सातवीतला मुलगा वरवर "शी" म्हणेल. म्हणू दे.

आता २५ हजार. नाही, नॉर्मल नसतं. कामासाठी बोलावलेल्या माणसाकडून कुणी रजिस्ट्रेशन घेत नाही, तू त्यांना पैसे देणार नाहीस, ते तुला देणार आहेत, दिशा लक्षात ठेव. पोर्टफोलिओ हवा असेल तर भाचीच्या मोबाईलवर खिडकीच्या उजेडात चार फोटो काढ, साधी साडी, मेकअप नको, एक सरळ, एक बाजूने, एक हसताना, एक न हसता. आईच्या रोलला तेवढं पुरतं. आणि सिनेमा खरा आहे का हे त्या कोऑर्डिनेटरला विचारून कळणार नाही, डायरेक्टरच्या किंवा प्रॉडक्शनच्या माणसाशी स्वतः बोल, पत्रात तू त्याचं नाव लिहिलंयस म्हणजे नंबर मिळणं अवघड नाही. बऱ्याचदा सिनेमा खरा असतो आणि मधला माणूसच हात मारत असतो, सिनेमावाल्यांना पत्ताही नसतो. त्यांनीही तेच २५ हजार मागितले तर समज की हा तुझा दुसरा 'फरेबी जाल' आहे, तिथूनच परत फिर, आणि तालमीच्या ग्रुपला जायला लाग.

फोन कधी करणार ते मला कळव. दुपारी दोन-अडीचला कर, सकाळी हे लोक सेटवर असतात. तोपर्यंत त्या कोऑर्डिनेटरचा फोन उचलायचा नाही, आणि त्याचे सगळे मेसेज स्क्रीनशॉट काढून ठेव.